पुढं इंडिपेंडंट, मागं पाटे; आणि आडवा पडलेला माणूस मागं

परवा शेजारच्या गावात नवी ॲम्ब्युलन्स आली. बॉनेटला हार, नारळ, फीत, फोटो. चांगलीच गोष्ट आहे, ज्यांनी पाठपुरावा केला त्यांचं मनापासून अभिनंदन. मी त्या फोटोखाली एवढंच विचारलं, "मागचं सस्पेन्शन कुठलं आहे? पाटे की कॉइल?" तर लोक असे तुटून पडले, की जणू मला ॲम्ब्युलन्सच नको आहे.

एकानं लिहिलं, "सॉलिड ॲक्सल म्हणजे सॉलिड. इंडिपेंडंट वगैरे पुण्या-मुंबईच्या लोकांचे लाड." दुसऱ्यानं, "आपल्या रस्त्यावर दोन महिन्यांत बुश जातील, मग दुरुस्त कोण करणार, तू?" तिसरा म्हणाला, "पेशंटला काय रेस लावायचीय का?"

तिघांनाही उत्तर द्यायचं होतं, पण कॉमेंटमध्ये मावेना. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन वाचा.

आधी सांगतो मला हा किडा कुठून चावला. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमची आत्या गोठ्यातल्या ओल्या फरशीवर घसरली. खुब्याचं हाड मोडलं. तालुक्याला एक्स-रे झाला आणि डॉक्टर म्हणाले, मिरजेला हलवा. ॲम्ब्युलन्स लगेच मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. ती कुणाची होती, कुठल्या कंपनीची होती, हेही सांगत नाही, कारण मुद्दा एका गाडीचा नाही. मी मागं बाकड्यावर बसलो, आत्या स्ट्रेचरवर. पहिल्या स्पीडब्रेकरला आत्या किंचाळली. दुसऱ्याला किंचाळली. त्यानंतर तिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि मिरज येईपर्यंत सोडला नाही. मी पुढच्या खिडकीवर थाप मारून ड्रायव्हरला म्हटलं, "अरे जरा हळू." पोरगा भला होता, चाळीसच्या वर काटा गेलाच नव्हता त्याचा. तो म्हणाला, "दादा, हळूच चाललोय ओ. मला पुढं काय कळंनाच, मागं एवढं आदळतंय व्हय?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. एकच गाडी, एकच खड्डा. पुढं बसलेल्याला कळत नाही आणि मागं झोपलेल्याचा जीव जातो. असं का होतं, ते नीट बघू.

सॉलिड ॲक्सल म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच लोखंडी हाउसिंगला जोडलेली, मधे डिफरन्शियलचा गोळा. बैलांच्या जुवासारखं समजा. एका बैलाचा पाय खड्ड्यात गेला की दुसऱ्याच्या मानेलाही हिसका बसतो. डावं चाक खड्ड्यात गेलं की उजवंही तिरकं होतं, आणि सगळा मागचा भाग आडवा हलतो. आडव्या पडलेल्या माणसाला हा आडवा हिसका उभ्या धक्क्याइतकाच छळतो, कारण झोपलेल्या माणसाला धरायला काही नसतं. शिवाय ते हाउसिंग, गोळा, हाफ-शाफ्ट, ब्रेक हे सगळं वजन चाकाबरोबर उड्या मारतं. चाकाबरोबर नाचणारं वजन जितकं जास्त, तितकं ते आवरणं स्प्रिंगला आणि शॉकअपला अवघड.

इंडिपेंडंटमध्ये जू नसतं. डावं चाक डाव्या बाजूला, उजवं उजव्या. मागची चाकं गाडी ओढत असतील तर डिफरन्शियलचा गोळा चासीला किंवा सबफ्रेमला बांधलेला असतो, चाकाबरोबर नाचत नाही. एक चाक खड्ड्यात गेलं तर त्याचं ते बघतं.

इथपर्यंतचं गाड्यांच्या व्हिडिओंमध्ये सगळे सांगतात. ते सांगत नाहीत ती गोष्ट वजनाची आहे, आणि आत्याला जे झालं त्यात मोठा वाटा तिचाच होता.

मालवाहू चासीचे मागचे पाटे भरल्या गाडीसाठी बनवलेले असतात. समजा, गाडी भरल्यावर मागच्या पाट्यांवर १५०० किलो येतात आणि ते १२ सेंटिमीटर दबतात. ही गाडी सेकंदाला साधारण दीड वेळा वर-खाली होते. माणसाला हे सोसवतं, चांगल्या कारही एक ते दीडच्या दरम्यान असतात. आता तीच गाडी रिकामी करा. मागं ५०० किलो उरले, तर पाटे चारच सेंटिमीटर दबतात आणि गाडी सेकंदाला अडीच वेळा नाचते. आकडे समजावण्यापुरते घेतलेत, पण हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचाच आहे, कुणीही करून बघा.

आणि हे पाटे मोकळे हलतात असं धरून. प्रत्यक्षात जुन्या पद्धतीच्या अनेक पाट्यांच्या गड्डीत पाटे एकमेकांवर घासतात. धक्का बारीक असेल तर ते हलतच नाहीत, अडकून बसतात. मग स्प्रिंगचं काम एकटा टायर करतो, आणि त्यातली हवाही बहुतेक वेळा भरल्या गाडीच्या हिशेबानं ठासलेली. नव्या पॅराबोलिक पाट्यांत ही घासाघास कमी असते, पण वजनाचा हिशेब तोच राहतो. माणसाचं बसलेलं अंग उभ्या धक्क्यांत सेकंदाला चार ते आठ हादऱ्यांना सर्वांत हळवं असतं. आयएसओ २६३१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक याच अभ्यासावर उभं आहे. रिकामी पाट्यांची गाडी खडबडीत रस्त्यावर तुम्हाला नेमकी तिकडं ढकलत नेते.

आता सांगा, ॲम्ब्युलन्समध्ये वजन किती असतं? एक पेशंट, एक स्ट्रेचर, सिलिंडर, दोन नातेवाईक, एखादा कर्मचारी. सिमेंटच्या पोत्यांसाठी बनवलेल्या पाट्यांना हे म्हणजे रिकामीच गाडी. वडापवाला गाडी गच्च भरल्याशिवाय हलत नाही, त्यामागं सस्पेन्शनचं शास्त्र आहे असं कुणी म्हणालं तर मी हसणार नाही. भरलेलं वडाप खरंच मऊ चालतं. जुन्या टेम्पोवाल्यांना विचारा, रिकामं परतताना आदळू नये म्हणून मागं वाळूची दोन पोती टाकणारे कितीतरी होते.

आता पहिला आक्षेप. "सॉलिड म्हणजे मजबूत." कशासाठी मजबूत? दीड टन माल घेऊन ओढ्यातून जायचं असेल, शेतातून ऊस काढायचा असेल, तर मी स्वतः पाट्याचीच गाडी घेईन. स्वस्त, साधी, एक पाटा तुटला तरी बाकीच्यांवर गावापर्यंत येता येतं. दगडधोंड्यांत एक चाक वर गेलं तरी दुसरं जमीन धरून ठेवतं. हे गुण खरे आहेत आणि मी ते नाकारत नाही. पण ते मालाचे गुण आहेत. सिमेंटच्या पोत्याला खुबा नसतो.

दुसरा आक्षेप मला जास्त राग आणतो. "आपल्या रस्त्यावर इंडिपेंडंट टिकत नाही." अरे बाबा, तुझ्या दारात उभी आहे त्या गाडीखाली एकदा वाकून बघ. बोलेरोचंच घ्या. पुढं इंडिपेंडंट, कॉइल स्प्रिंग. मागं सॉलिड ॲक्सल आणि पाटे. खड्ड्यात आधी कुठलं चाक जातं? पुढचं. ब्रेक मारल्यावर वजन कुठं येतं? पुढं. वळवायचं काम कुणाचं? पुढच्याचं. इतका मार खाऊन पुढचं इंडिपेंडंट वर्षानुवर्षं टिकतं, गावातला मेकॅनिक त्याचे बुश आणि बॉलजॉइंट डोळे मिटून बदलतो, आणि मागं तीच पद्धत दिली की दोन महिन्यांत मोडेल? हा कुठला न्याय?

आणि मागंही टिकतं याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात बनला. पुण्यात पिंपरीला. १९९८ साली टाटांनी इंडिका आणली, तिचं मागचं सस्पेन्शन इंडिपेंडंट होतं, सेमी-ट्रेलिंग आर्म आणि कॉइल. त्या इंडिकाचं पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. टॅक्सी झाली. लग्नाची वऱ्हाडं वाहिली, एअरपोर्टच्या फेऱ्या मारल्या, मागं तीन-तीन जाडजूड माणसं आणि डिकीत बॅगा घेऊन लाखो किलोमीटर पळाली. बाकी काहीही बिघडलं असेल, पण मागचं सस्पेन्शन इंडिपेंडंट आहे म्हणून गाडी विकली असं म्हणणारा टॅक्सीवाला मला अजून भेटायचा आहे. त्यांच्यातल्या निम्म्यांना ते इंडिपेंडंट आहे हे माहीतही नसेल, हीच त्याची पावती. २००९ ची नॅनो, एक लाखाची म्हणून गाजलेली, तिलाही मागं इंडिपेंडंट होतं. इंजिन मागं असल्यामुळं तिची रचनाच तशी होती, हे मान्य. पण मग "परवडत नाही" हे पालुपद तरी बंद करा.

आत्याला मिरजेत दाखल करून त्या रात्री मी भाच्याच्या जुन्या इंडिकातून घरी आलो. तोच रस्ता, तेच खड्डे. मागच्या सीटवर मला डुलकी लागली. गाव आल्यावर भाच्यानं उठवलं तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली आणि मग राग आला.

आता माझ्या बाजूच्या उत्साही पोरांनाही दोन शब्द. इंडिपेंडंट म्हटलं की सगळं छान, असं अजिबात नाही. अमेरिकेत १९६० च्या सुमारास शेवरोलेची कॉर्व्हेर नावाची गाडी होती. मागं इंजिन आणि मागं इंडिपेंडंट, पण स्विंग ॲक्सल नावाच्या जुन्या पद्धतीचं. जोरात वळवली की मागचं चाक आत दुमडायचं आणि गाडी हातातून जायची. राल्फ नेडरनं १९६५ साली गाड्यांच्या सुरक्षेवर जे पुस्तक लिहिलं, त्याचं पहिलं प्रकरणच या गाडीवर होतं. त्याच वर्षीच्या मॉडेलला कंपनीनं मागची रचना बदलली. आणि उलट बाजूनं बघा, फोर्डची मस्टँग पन्नास वर्षं मागं सॉलिड ॲक्सलवरच पळाली, मधली एखाद-दुसरी खास आवृत्ती सोडली तर. २०१५ च्या मॉडेलपासून सगळ्या मस्टँगना इंडिपेंडंट आलं. म्हणजे सॉलिडवाले मूर्ख नव्हते.

लांब कशाला, शिवनेरीत बसलाय ना? त्या व्होल्वोचा मागचा ॲक्सलही सॉलिडच असतो. पण तो पाट्यांवर नाही, हवेच्या फुग्यांवर बसलेला असतो. माणसं भरली की फुग्यात हवा वाढते, उतरली की कमी होते, त्यामुळं बस भरलेली असो की रिकामी, झुलते सारखीच. इनोव्हा घ्या. २००५ पासून क्रिस्टापर्यंत मागं सॉलिड ॲक्सलच, पण कॉइल स्प्रिंग आणि चार लिंका. तिच्या मागच्या सीटवर बसून कुणी आदळआपट झाली म्हणतं का? २०२२ च्या स्कॉर्पिओ-एननंही सॉलिड ॲक्सल सोडला नाही, पण पाच लिंका आणि वॅट्स लिंकेज देऊन त्याचं आडवं हलणं आवरलं. त्याच कंपनीनं एक वर्ष आधी एक्सयूव्ही ७०० ला मागं पूर्ण इंडिपेंडंट दिलं. एकाच कारखानदाराला दोन्ही करता येतं. गिऱ्हाईक कोण आहे आणि ते काय मागतं, तेवढाच प्रश्न.

म्हणून माझं भांडण सॉलिड ॲक्सलशी नाहीच. माझं भांडण आहे ते मालाच्या पाट्यांवर माणूस झोपवण्याशी. मागं इंडिपेंडंट मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर सॉलिडवर कॉइल द्या, हवेचे फुगे द्या, निदान रुग्णाच्या वजनाला साजेसे मऊ पाटे कंपनीकडून बसवून द्या. पण "मजबूत आहे" एवढं सांगून पोत्यांची गाडी पांढरी रंगवून वर निळा दिवा लावू नका.

आणि ती गिऱ्हाईकाची गोष्ट इथं नेमकी उलटी होते. स्वतःच्या पैशानं एक्सयूव्ही घेणारा माणूस शोरूममध्ये चार फेऱ्या मारतो, मागं बायकोला बसवून बघतो, आईला बसवून बघतो. ॲम्ब्युलन्स कोण घेतं? ग्रामपंचायत, ट्रस्ट, आमदार निधी, एखादी संस्था. टेस्ट ड्राइव्ह झालीच तर बघणारा पुढं ड्रायव्हरशेजारी बसतो, म्हणजे कॉइल स्प्रिंगवर. एसी गार आहे, स्टिअरिंग हलकं आहे, म्हणतो बरी आहे. जो मागं झोपणार आहे तो त्या दिवशी गोठ्यात शेण काढत असतो. त्याला कुणी विचारत नाही, आणि ज्या दिवशी तो गाडीत बसतो त्या दिवशी तो तक्रार करायच्या अवस्थेत नसतो.

आपल्याकडं ॲम्ब्युलन्ससाठी एआयएस-१२५ नावाचं मानक आहे. अ, ब, क, ड सारखे चार प्रकार त्यात पाडलेत, साध्या रुग्णवाहतुकीपासून अतिदक्षतेपर्यंत. ते पाळलं पाहिजेच. पण खरेदी करणाऱ्याला त्यापुढं जाऊन आपली अट घालायला कुणी अडवलंय? निविदेत सायरन, स्टिकर, रंग, पडदे यावर ओळीच्या ओळी असतात. त्यात आणखी एक ओळ घाला: स्ट्रेचरवर साठ किलोचं वजन, मागं दोन माणसं, ठरलेल्या खराब रस्त्यावर ठरलेल्या वेगानं गाडी चालवून स्ट्रेचरवरचे हादरे मोजून दाखवा, ज्याचे कमी त्याला गुण जास्त. हादरे मोजायचं यंत्र लाखाचं लागत नाही. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये ॲक्सिलरोमीटर असतो, फुकटचं ॲप असतं. कोर्टात टिकणारं मोजमाप नाही ते, पण दोन गाड्यांतला फरक शेंबड्या पोरालाही दिसेल.

"आधी रस्ते सुधारा" म्हणणारे आता येतील. सुधारा की. आणि स्पीडब्रेकरही सुधारा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीतला स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच असतो, १७ मीटर त्रिज्येचा हलका उंचवटा, ताशी २५ ला सहज ओलांडता येईल असा. आपल्या गावच्या वेशीवरचे तीन आठवा. ते स्पीडब्रेकर नाहीत, बांध आहेत. त्यावर वेगळी पोस्ट लिहीन. पण रस्ता होईपर्यंत खुबा मोडायचा थांबणार नाही, आणि गाडी तर आपण आजच विकत घेतोय.

ज्या गाड्या आधीच आल्यात त्यांचं काय, हे ड्रायव्हर मित्रांनी विचारलंय. सर्वांत स्वस्त उपाय हवेचा. दारावरच्या पट्टीवर किंवा पुस्तकात भरल्या आणि रिकाम्या गाडीचं प्रेशर वेगळं दिलेलं असेल, तर रिकाम्याचं ठेवा. पंक्चरवाला ट्रकच्या हिशेबानं ठोकतो तेवढं नको. पण पुस्तकातल्यापेक्षा कमी करू नका, टायर तापून फुटेल. शॉकअप गळतोय का बघा, मागचे बुश कडक झालेत का बघा. पाट्यांची गड्डी गंजून एकजीव झाली असेल तर ती खोलून साफ करून घ्या. "एक पाटा काढून टाका, मऊ होईल" असं गॅरेजवाला म्हणेल, ते मात्र करू नका. गाडीत नोंदणीपेक्षा वेगळा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, अपघात झाला तर विमा कंपनी आधी तेच बघेल, आणि ऐनवेळी सहा नातेवाईक मागं चढले तर उरलेले पाटे त्यांचं वजन घेणार नाहीत.

तिसऱ्या कॉमेंटवाल्याचं उत्तर राहिलं. नाही भाऊ, पेशंटला रेस लावायची नाही. पण खुबा मोडलेल्या माणसाचं हाड प्रत्येक आदळण्याला हलतं. बाळंतीण, डोक्याला मार लागलेला, पाठीचा मणका गेलेला, यांना ताशी चाळीसनं न्यायचं की वीसनं, हे ड्रायव्हर मागून येणाऱ्या किंकाळ्यांवर ठरवतो. मऊ गाडी असती तर आत्या एक तासात पोचली असती. आम्हाला दोन लागले.

येत्या रविवारी सकाळी नऊला मी आणि दोन मित्र आपल्या गावची गाडी घेऊन फाट्यापर्यंत जाऊन येणार आहोत, ड्रायव्हर आणि समितीच्या परवानगीनं. बरोबर फोन, हवा मोजायचा गेज आणि काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या. स्ट्रेचरवर मी झोपणार. सरपंचांनाही बोलावलंय. ते लगेच हो म्हणाले, "येतो की, मी पुढं बसतो." मी म्हटलं, "पुढं नाही अण्णा, मागं."